अण्णांचा हात घसरला

गुरुसिद्ध अण्णा रस्त्यात भेटले की आधी तुमच्या गाडीच्या चाकांची चौकशी करतात, मग तुमची. सकाळी फिरायला निघताना खिशात स्टीलचा चमचा असतो. कसबा बावड्यातल्या आमच्या कॉलनीत उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीपाशी ते उकिडवे बसणार, चमच्यानं एकेक नट वाजवणार आणि कान देऊन ऐकणार. मग झोपलेल्या मालकाच्या खिडकीखालून हाक, "मागलं डावं चाक! तिसरा नट ढिल्ला हाय!"

उभी हयात बसच्या वर्कशॉपात चाकं बसवण्यात गेली. नोकरी संपली, खोड राहिली. एका लग्नात त्यांनी फुलांनी सजवलेली गाडी अडवली, नवरदेवाला खाली उतरवलं आणि जॅक लावला. बँडवाले तीन गाणी जादा वाजवून दमले. "नवरी काय पळून जात न्हाय, चाक जातंय," अण्णा म्हणाले. नट खरंच ढिला होता. तरी नवरदेवाची आत्या अजून त्यांच्याशी बोलत नाही.

मीही बोलत नव्हतो. मी जुन्या गाड्या घेतो, विकतो. हातगाडीवर शेंगा विकत होतो, तिथून घासाघीस करत इथवर आलो. जयसिंगपूरचं एक गिऱ्हाईक दोन तास बोलून मी वळणावर आणलं होतं. त्याचा हात खिशात गेला, आणि चाकाशी बसलेले अण्णा म्हणाले, "ह्ये चाक दुसऱ्या गाडीचं हाय की, दत्ता!" गिऱ्हाईक गेलं. मी भर रस्त्यात त्यांना जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो राग वर्षभर सांभाळला.

मग आजऱ्याचं एक जोडपं गाडी बघायला येणार होतं. चाक काढून ब्रेक बघणार, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. चोरीच्या भीतीनं प्रत्येक चाकाला एक लॉक नट असतो आणि त्यावर प्लॅस्टिकचं टोपण. ते चिमट्यानं सरळ ओढायचं असतं, हे मला चांगलं माहीत आहे. पण टोपण अडकलं आणि माझं डोकं फिरलं. स्क्रू ड्रायव्हर तिरका घालून जोर लावला. टोपणाची कड तुटली, उरलेलं आत रुतून बसलं आणि चकचकीत चाकावर बोटभर ओरखडा उठला.

मी टोपणाला शिव्या देत होतो, तोच मागून आवाज आला, "त्याची आई काढून काय उपेग? गरम पाणी आण."

वर्षभरानंतरचं हे पहिलं बोलणं! अण्णांनी पाणी ओतून प्लॅस्टिक मऊ केलं, मधोमध बारीक स्क्रू पिळला, तो पक्कडीत धरला आणि सरळ ओढला. टोपण बाहेर. तेवढ्यात पाहुणे आले. चाक निघालं, ब्रेक पसंत पडले, अण्णांनी चाक परत बसवलं. मग बाई वाकल्या.

"हा ओरखडा कुणी काढला? मालकच असे हात चालवत असतील तर इंजिनाचं काय केलं असेल?"

"ह्या म्हाताऱ्यानं," मी म्हणालो. "न विचारता सगळ्यांच्या गाडीला हात घालतोय."

फाटकाशी चार शेजारी उभे होते. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. हा माणूस खोटं बोलत नाही.

"व्हय पावणं," ते म्हणाले. "हात घसरला. वय झालं."

गाडी विकली गेली. दुसऱ्या दिवसापासून लोक अण्णांना गाडीला हात लावू देईनात. कुणी हसून टाळलं, कुणी फाटक लावून घेतलं. अण्णा हात पाठीमागं बांधून रस्त्याच्या मधून चालू लागले. मी खिडकीतून बघायचो आणि पडदा ओढायचो.

दहाव्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, पाण्याचा पेला हातात दिला. मी शब्द जुळवत होतो, पण अण्णाच आधी बोलले.

"दत्ता, काढलेलं चाक थोडं पळालं की नट परत आवळायचं असत्यात. त्यास्नी सांगितलंस न्हवं?"

"नाही."

"मी तितंच सांगणार हुतो. पण हात घसरलेल्याचं कोण ऐकतंय? त्या दिसापासनं झोप न्हाय बघ. बाई हुती गाडीत."

मी तिथूनच आजऱ्याला फोन लावला. नवरा म्हणाला, "कोण सांगतंय हे? तो ओरखडा काढणारा म्हातारा?"

"ओरखडा मी काढला," मी म्हणालो. "त्यांच्या हातानं आजवर एक नट चुकलेला नाही. आत्ता पाना घ्या."

पलीकडं डिकी उघडल्याचं ऐकू आलं. अण्णा फोनकडं झुकून बसले होते. मग पाना वाजला.

"एक नट अर्धा फिरला," आवाज आला. "बाकीचे घट्ट आहेत. आवळला."

"गाडी रस्त्यावर काढायच्या आधी बाकीची तीन चाकं बी बघा म्हणावं," अण्णा म्हणाले आणि भिंतीला टेकले. मी माफी मागायला वळलो, तर त्यांचा डोळा लागला होता. अक्कांनी ओठांवर बोट ठेवलं.

आता मला चार शेजाऱ्यांची दारं वाजवायची होती. पण पेला ठेवताना आवाज होईल म्हणून मी तो हातात धरून तसाच बसून राहिलो.