बारा किलोचा खोका

खरं सांगायचं तर हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. दुरुस्तीवाल्याने मला हे सांगितलं तेव्हा ‘कुणाला बोलू नकोस’ असं काही तो म्हणाला नाही, पण सांगून झाल्यावर इतका वेळ गप्प बसला की मला तेच ऐकू आलं. पण ज्यांच्यापासून लपवायचं ते दोघंही आता नाहीत. आणि परवा त्यांच्या माळ्यावरून तो काळा खोका खाली आला. म्हणून लिहितो.

दुरुस्तीवाल्याचं दुकान इमारतीच्या तळमजल्यावर आणि त्याचा शाळेपासूनचा मित्र दुसऱ्या मजल्यावर. या मित्राला सगळे व्होल्टेजराव म्हणायचे, अर्थात पाठीमागे. परदेशातल्या भावाने त्यांना रंगीत टीव्ही पाठवला होता. तो चालायचा एकशे दहा व्होल्टवर आणि इथल्या भिंतीत दोनशे तीस. व्होल्टेजरावांनी आठ दुकानं पालथी घालून बारा किलोचा ट्रान्सफॉर्मर शोधला आणि दोन जिने स्वतः वर चढवला. तोच हा खोका.

रोज संध्याकाळी आधी खोका सुरू व्हायचा. तो हूंऽऽ करून गुणगुणायला लागला की व्होल्टेजराव हात वर करायचे. “थांबा. दम धरा.” मग दहापर्यंत आकडे. “भिंतीत दोनशे तीस, टीव्हीला हवेत एकशे दहा. मधले एकशेवीस हा गरीब बिचारा पोटात घालतो!” बातम्यांची सुरुवात बुडायची, पण भाषण कधी बुडालं नाही. कचेरीत वीस वर्षांत त्यांचं एक वाक्य कुणी पुरतं ऐकून घेतलं नव्हतं. इथे शेजारपाजारची पंधरा माणसं श्वास रोखून ऐकायची.

खोका चांगला तापायचाही. त्यामुळे थंडीच्या दिवसांत बायको त्याच्यावर दह्याचं भांडं ठेवायची आणि दही असं लागायचं की सुरीने कापावं. एका शनिवारी भरदुपारी तिने खोका पोत्यावर ठेवून ओढत स्वयंपाकघरात नेला. त्या दिवशी दही जास्त लावायचं होतं. इकडे सासूबाईंना गाण्यांचा कार्यक्रम बघायचा होता. टीव्हीची वायर मोकळी पडलेली दिसली. त्यांनी ती सरळ भिंतीत खोचली.

फाट्!

दुरुस्तीवाला पिशवी घेऊन धावत वर आला तेव्हा टीव्हीच्या पाठीतून धूर निघत होता.

“मी काही केलं नाही,” सासूबाई आधीच म्हणाल्या. “तोच ओरडला.”

“भाऊजी, हे सहाला येतात,” बायको म्हणाली. “काय वाट्टेल ते करा.”

त्याने मागचं झाकण काढलं. फ्यूज गेला होता, एक कपॅसिटर लाहीसारखा फुटला होता. पण तो बघत बसला दुसरंच काहीतरी. आत एक छोटी तार होती आणि तिच्या शेजारी दोन आकडे छापलेले होते. एकशे दहा. दोनशे तीस.

“वहिनी,” तो हळूच म्हणाला, “हा सेट दोन्हीवर चालतो. ही तार इकडची तिकडे करायची, बस्स. खोका कधी लागतच नव्हता.”

वहिनींनी वाकून ते आकडे वाचले. सासूबाईंनी सुद्धा.

“मग दोन मिनिटांचं काम,” तो म्हणाला. “एकशे दहाच्या बाजूचे पार्ट जळलेत, ते इथे मिळायचे नाहीत. दोनशे तीसवर लावून देतो. खोका टाका माळ्यावर.”

“खोका नाही तर ते काय सांगणार हो सगळ्यांना?”

“काही नको सांगायला. टीव्ही बघायचा.”

“त्यांना टीव्ही कुठे बघायचा असतो, भाऊजी?”

ते त्याला पटलं. पण टीव्ही दोनशे तीसवर लावला आणि खोक्यातून एकशे दहाच आले तर आता चित्र पोस्टकार्डाएवढं दिसणार. मग एकच उपाय उरला. त्याने खोक्याचं पोट फाडलं, आतला लोखंडाचा गड्डा बाहेर काढला आणि वायर इकडून तिकडे सरळ ओढून घेतली. वहिनींनी शपथ घातली, ती त्याने घेतली. जळका वास जाईना, तेव्हा सासूबाईंनी शेगडीवर दूध ठेवलं आणि करपेपर्यंत त्याच्याकडे शांतपणे बघत उभ्या राहिल्या.

सहाला व्होल्टेजराव आले. “कसला वास येतोय?”

“दूध लागलं,” सासूबाई म्हणाल्या. “दूधच वाईट येतंय हल्ली.”

खोका सुरू झाला, हात वर गेला, आकडे झाले, भाषण झालं, चित्र आलं. दुरुस्तीवाल्याला मात्र पहिल्यांदाच मित्राच्या नजरेला नजर देता येईना. शाळेपासून तो या माणसाशी एकदाही खोटं बोलला नव्हता.

पुढचे आठ दिवस एकच पंचाईत. गार खोक्यावर दही लागेना. वहिनींना कारण ठाऊक, पण नवऱ्यासमोर सांगायचं काय? मग रोज सकाळी दारात दूधवाल्याची हजेरी. “पाणी घालता तुम्ही!” तो बिचारा गळ्याला हात लावून शपथा घ्यायचा. चौथ्या दिवशी तर त्याने दारातच स्वतः ग्लासभर पिऊन दाखवलं.

नवव्या दिवशी दुपारी व्होल्टेजराव दुकानात आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला खोका. त्यांनी तो काउंटरवर ठेवला, एका बोटाने उचलला, पुन्हा ठेवला.

“बारा किलोचा होता,” ते म्हणाले. “आठ दिवसांत एवढा वाळला?”

दुरुस्तीवाल्याने हातातला पाना खाली ठेवला. “कधी कळलं?”

“त्याच संध्याकाळी. गुणगुणला नाही, लेका.”

“मग भाषण कसं केलंस?”

“तिघांनी एवढी मेहनत घेतलीत. आई स्वतः दूध जाळते, म्हणजे काय! मग मला तेवढं भाषण नको करायला?” ते स्टुलावर बसले. “पण त्या दूधवाल्याचे हाल बघवत नाहीत रे. आत काहीतरी गरम होणारं बसव.”

“पंचवीसचा बल्ब बसवतो. भोकांना आतून पत्रा लावतो, उजेड दिसायचा नाही. पण वहिनींना काय सांगू?”

“तुला सुचलं म्हणून सांग.”

तसं त्याने सांगितलं. वहिनींचे डोळे पाणावले. “किती सुचतं हो भाऊजी तुम्हाला! नाहीतर आमचे हे, नुसते बोलतात.” व्होल्टेजराव शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटल्याचा आवाज जरा मोठाच आला.

दुसऱ्या दिवशी दही सुरीने कापता आलं. संध्याकाळी व्होल्टेजराव पुन्हा दुकानात डोकावले.

“एक विचारू? टीव्ही जळायच्या आधी तरी खोका लागत होता ना?”

दुरुस्तीवाल्याने हातातला स्क्रू डबीत टाकला, डबीचं झाकण घट्ट लावलं.

“लागत होता म्हणजे! त्याच्याशिवाय चालूच झाला नसता.”

“तेच म्हणतो मी.” व्होल्टेजराव उंबऱ्यावर थांबले. “आणि तो बल्ब गेला तर?”

“तर दही सांगेल. मी येऊन बदलीन, तू हात वर करून उभा राहा. मी आहे तोवर तुझा खोका गार पडणार नाही. शब्द देतो, गड्या.”