शरणप्पाचे परदेशी काका

सकाळी चहाचं आधण ठेवलेलं असतं, माझं तोंडसुद्धा धुऊन झालेलं नसतं, आणि दाराची कडी वाजते. दारात शरणप्पा. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग आणि अंगात काळा टीशर्ट, त्यावर दात विचकणारी कवटी. आवाज मात्र बाळंतिणीच्या खोलीत बोलावं तसा.

"मास्तर, काका हायेत नव्हं?"

मग मी चष्मा शोधतो, मोबाईल उघडतो, आणि काका आहेत की गेले ते बघून सांगतो. स्वतःच्या मोबाईलवर बघायची त्याची छाती होत नाही. "आहेत," म्हटलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. "काय बी होऊ शकतंय मास्तर," असं पुटपुटत तो दुकान उघडायला जातो. माझा चहा तोवर उतू गेलेला असतो.

हे काका म्हणजे शरणप्पाच्या वडिलांचे भाऊ नव्हेत. सातासमुद्रापलीकडच्या एका हार्ड रॉक बँडचे ते गायक. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, केस अजून पाठभर. बिदर नावाचं शहर जगात आहे, त्यात नौबाद नावाची वस्ती आहे, आणि तिथं पंपाच्या जळालेल्या मोटारी नवी तार भरून रिवाइंड करणारा एक माणूस आपल्या तब्येतीपायी रोज अर्धमेला होतो, याचा त्यांना पत्ताच नाही.

मलाही आधी नव्हता. मी नवा नवा शेजारी राहायला आलो तेव्हा एकदा शरणप्पा घामाघूम होऊन आला. "मास्तर, काकाच्या काळजात स्प्रिंग टाकायलेत!" मला माणुसकीचा झटका आला. शाळेतून अर्धी रजा काढली, दोन शहाळी घेतली आणि विचारलं, "कुठल्या दवाखान्यात?"

"तिकडंच. त्यांच्या देशात."

शहाळी आम्हीच प्यालो. त्याला तीही गोड लागली नाहीत.

शरणप्पा मुळातच भित्रा. कुत्र्याला भितो, पालीला भितो, बँकेतून फोन आला तर उभा राहून बोलतो. खटकचिंचोळीहून कुणी जळालेली मोटार घेऊन आलं, तर मोटारीकडं न बघता आधी विचारणार, "कुनाला शॉक बसला न्हाई नव्हं?" आकाशात वीज कडाडली तर शटर खाली ओढून आत बसतो. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण त्याला बघूनच कुणीतरी केली असावी. आणि अशा माणसाचं संगीत म्हणजे पत्र्यावर खडी ओतल्यासारखं! दुकानात ते लावलं की आमच्या मांडणीतले पेले थरथरतात.

"हे कामून ऐकायलास रे?" मी एकदा वैतागून विचारलं.

"ह्ये वाजताना दुसरं कायच ऐकू येत न्हाई मास्तर," तो म्हणाला. "आपलं भेव सुदिक."

त्याची बायको, नागम्माक्का, त्या टीशर्टाला कंटाळली आहे. समोरच्या घरातलं लेकरू ती कवटी बघून तापलं, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून ती टीशर्ट उलटा करून वाळत घालते. कधी घाईत शरणप्पा तो तसाच उलटा घालून येतो. मग कवटी आत त्याच्या छातीला लागून आणि शिवण बाहेर.

हे वेड त्याला लावलं धाकट्या भावानं, मल्लिकार्जुननं. मल्लू शिकायला कलबुर्गीला होता. तिथल्या वसतिगृहातून त्यानं या बँडची कॅसेट आणली. दोघं भाऊ शेतातल्या गुरांच्या कोठ्यात बसून ती ऐकायचे, वडिलांच्या धाकानं आवाज बारीक करून. हार्ड रॉक बारीक आवाजात ऐकणारे जगात हे दोघंच असावेत. बँडमधल्या लोकांना काका, मामा, आप्पा ही नावं त्यांनीच दिली.

मग मल्लूनं जातीबाहेरच्या मुलीशी लग्न ठरवलं. वडील म्हणाले, "लग्नाला जाईल त्याला ह्ये दार बंद." शरणप्पानं नवी कापडं घातली, बसस्टँडपर्यंत गेला आणि परत आला. भ्याला. त्या दिवसापासून मल्लू त्याच्याशी बोलला नाही. वडील वारले तेव्हा आला, मातीला उभा राहिला, आणि तसाच कलबुर्गीला परत गेला.

पुढं बरीच वर्षं गेली. एके दिवशी बँडचे ढोलवाले मामा वारले आणि शरणप्पाचा फोन वाजला. मल्लू.

"मामा गेले. बगितलास?"

"व्हय."

एवढंच. तिकडून फोन बंद झाला. नंतर गिटारवाले आप्पा गेले तेव्हा त्याचा फोन आला. काकांच्या काळजात स्प्रिंग टाकली तेव्हाही आला. एरवी ना दिवाळीला, ना उगादीच्या पाडव्याला. काही दुःखाचं झालं तरच फोन, आणि तोही तेवढ्यापुरता.

हे मला कळलं काकांच्या घशाच्या ऑपरेशनच्या वेळी. शरणप्पानं देवळात अभिषेक ठरवला आणि सोबतीला मला नेलं. पूजा सांगणाऱ्या स्वामींनी काकांचं नाव विचारलं. त्यानं सांगितलेलं नाव स्वामींच्या तोंडात काही केल्या बसेना. शेवटी ते म्हणाले, "राहू दे. गोत्र?"

"आमच्या घरचंच लावा," शरणप्पा म्हणाला.

मला हसू आवरेना. परत येताना मी त्याची थट्टा करायला तोंड उघडलं, तर तो रस्त्यातच थांबला. भावाची सगळी हकीकत त्यानं तिथंच सांगितली. मग म्हणाला, "मास्तर, मी काकासाठी देवाला हात जोडतो, ते खरंच हाय. पन काका धडधाकट असले की मल्लूचा फोन येत न्हाई. सकाळी तुमच्या दारात येताना कवा कवा मनात काय येतंय, म्हाइत हाय का? तुमी 'गेले' म्हनावं, असं येतंय. माजंच मला भेव वाटायलंय."

त्या दिवसापासून सकाळची बातमी मी आधी स्वतःशीच वाचून घेतो, मग सांगतो. काका आहेत म्हणून सांगताना आपण नक्की चांगली बातमी देतोय की वाईट, हेच कळत नाही.

परवा एक बातमी आली. बँड बंद. कुणी आजारी नाही, कुणी गेलं नाही. आता पुरे, म्हणून काकांनी हसत हसत गाणं थांबवलं. फोटोत अंगणात नातवाला घेऊन बसलेले. मी उत्साहानं वाचून दाखवलं. शरणप्पा पांढराफटक पडला.

"ह्ये बातमीत धरायचं का न्हाई मास्तर? मल्लू ह्याला फोन करंल?"

मल्लूनं केला नाही. शरणप्पा माझ्या दारात यायचा थांबला. इतकी वर्षं मी त्या कडीला शिव्या दिल्या, आणि ती वाजेना तेव्हा माझीच पाचावर धारण बसली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तडक त्याच्या दुकानात गेलो. गाणं बंद. समोर उघडी मोटार, तांब्याची तार तशीच लोंबत होती. तो मोबाईलकडं बघत बसला होता.

"तू कर की फोन," मी म्हणालो.

"काय म्हनून करू? सांगायला काय तरी झालं पायजे नव्हं?"

"काही झालं नाही तरी कर."

"उचलला न्हाई तर?" मग आणखी हळू, "उचलला तर?"

मी तिथंच स्टुलावर बसलो. म्हटलं, आज उठत नाही. नागम्माक्का मागच्या घरातून येऊन दारात उभी राहिली. शरणप्पानं हात पुसले, परत पुसले, आणि फोन लावला. एकट्यानं ऐकायचं धाडस नव्हतं म्हणून स्पीकर चालू केला. पलीकडं रिंग वाजत राहिली. आता कट करणार, एवढ्यात उचलला गेला. मल्लू जिना चढून आल्यासारखा धापत होता. हॅलो नाही, काही नाही.

"कोन गेलं?"

शरणप्पानं मोबाईल दोन्ही हातांनी धरला.

"कोनी गेलं न्हाई रे मल्लू. मीच हाय. उगंच केलो."