बर्था जागी झाली

गॅरेजमधल्या फ्रीजची पिन क्लाइव्ह हॉवर्थने काढली ती लेकीच्या भल्यासाठीच. टॅमसिनची मेडिकलची मुलाखत संगणकावरून व्हायची होती आणि घरात शांत जागा एकच, गॅरेज. डिसेंबरात तिथे बोटं आखडतात. हीटर हवा आणि प्लगची जागा एकच. सरावासाठी आदल्या संध्याकाळी हीटर लावला, तो रात्रभर तसाच राहिला.

त्या फ्रीजमध्ये शेजारच्या मिस्टर एंटविसलची बर्था झोपलेली होती. बर्था म्हणजे कासव. कासवं थंडीभर झोपून राहतात; गारवा एकसारखा राहावा म्हणून तिला फ्रीजमध्येच निजवायचं असतं, पण दूध आणि बर्था एकाच फ्रीजमध्ये ठेवायला एंटविसलचं मन धजत नसे. म्हणून दर हिवाळ्यात ती हॉवर्थांकडे.

सकाळी टॅमसिनची आई रोझलिंड चहा घेऊन गॅरेजमध्ये गेली, तर फ्रीजमधून खरवडल्याचा आवाज. दार उघडलं. खोक्यातून मान बाहेर काढून बर्था तिच्याकडे बघत होती.

रोझलिंडने नाताळपर्यंत आवाज न चढवण्याचं व्रत घेतलं होतं. रोज पहाटे मेणबत्ती लावून ती त्यासाठी बळ मागत असे. लग्न क्लाइव्हशी झालेलं असल्यामुळे बळ बरंच लागे.

"क्लाइव्ह," ती हळू आवाजात म्हणाली, "पिन कुणी काढली?"

"मुलाखत होऊ दे. मग सांगू त्याला."

"ती जागी झालीय. अर्धवट झोपेतून उठली तर जिवावर बेततं, तो दरवर्षी सांगतो."

"रोझ, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. तू जाऊन त्या म्हाताऱ्याला आत्ताच पेटवू नकोस."

रोझलिंड गेली आणि कुंपणावरून सांगून आली. एंटविसल सपाता घालूनच निघाला. क्लाइव्ह वाटेत आडवा झाला. मुलाखतीच्या शिकवणीचे पैसे त्याने भरले होते आणि त्यातली वाक्यं टॅमसिनपेक्षा त्यालाच जास्त पाठ होती.

"मिस्टर एंटविसल, तुम्हाला काय वाटत असेल ते मी समजू शकतो."

"काय समजतोस रे तू? कासव पाळलंयस कधी?"

"तुमचा राग अगदी स्वाभाविक आहे."

"आता बघच किती स्वाभाविक आहे ते," म्हणत एंटविसलने त्याला बाजूला सारलं आणि गॅरेजचं दार वर ढकललं.

एव्हाना आत मुलाखत ऐन रंगात आली होती. पडद्यावर एक परीक्षक बाई आणि शेजाऱ्याची भूमिका करणारा एक नट. होऊ घातलेली डॉक्टर वाईट बातमी कशी सांगते हे पाहायला, टॅमसिनच्या हातून त्याचं मांजर मेलं आहे, असा प्रसंग दिलेला. नट हुंदके देत होता आणि टॅमसिन पाठ केलेल्या गोड आवाजात म्हणत होती, "तुम्हाला किती दुःख झालं असेल, याची मला..."

"बर्था कुठाय?"

परीक्षक बाईंनी चष्मा सारखा केला. "मिस हॉवर्थ, तुमच्या खोलीत दुसरी व्यक्ती आहे. नियमाप्रमाणे मला मुलाखत थांबवावी लागेल."

टॅमसिनचा चेहरा उतरला. तिने पडद्याकडे पाहिलं, मग एंटविसलकडे, आणि पडद्याकडे पाठ केली.

"फ्रीज आम्ही बंद केला, मिस्टर एंटविसल. मला हीटर हवा होता. तुम्हाला विचारलं नाही. तिला काही झालं तर चूक आमची."

एंटविसलला याची तयारी नव्हती. "केव्हा बंद केलास?"

"काल संध्याकाळी."

"पाणी दाखवलंस?"

"नाही. काय करायचं असतं?"

"कोमट पाणी, उथळ टबात. तोंड वर राहिलं पाहिजे. हल."

टॅमसिन खुर्ची सोडून, बर्थाला उचलून कोपऱ्यातल्या नळाकडे पळाली. पडद्यावर नटाचे हुंदके मध्येच अडकले.

"हे नाटक तुम्ही आधी ठरवून केलं असेल," परीक्षक बाई थंडपणे म्हणाल्या, "तर प्रकरण गंभीर आहे."

"नाटक?" एंटविसल वाकून पडद्याच्या इतका जवळ गेला की तिकडे फक्त त्याचं नाक दिसत असावं. "बाई, नाटक तो करतोय. विचारा त्याला, मांजराचं नाव काय."

नटाने परीक्षक बाईंकडे पाहिलं.

"बघा. माझी एकोणचाळीस वर्षांची बर्था आहे, आणि या लोकांनी तिला हीटरपायी उठवलं. बापाला मी दारात उभं करणार नाही. पण पोरगी आज पहिल्यांदा सरळ बोलली. इतके दिवस भिंतीपलीकडून नुसतं 'मी समजू शकते, मी समजू शकते' ऐकून माझे कान किटले. मी ईस्टरपर्यंत यांच्यावर चिडलेला राहणार आहे. घ्या लिहून."

बाईंनी खरोखरच काहीतरी लिहून घेतलं.

"जाताना दार लावून घ्या," त्या म्हणाल्या. "मिस हॉवर्थ, या. तुमचा थोडा वेळ उरलाय."

"आले," कोपऱ्यातून टॅमसिनचा आवाज आला. "तिचं तोंड वर धरलंय."

मार्चमध्ये प्रवेश मिळाल्याचं कळलं. बर्थाला पुन्हा निजवता आलं नव्हतं; तोवर ती त्याच हीटरसमोर पानं खात जागी होती. क्लाइव्ह केक घेऊन शेजारी गेला. एंटविसलने दार उघडलं, "ईस्टर झालेला नाही," म्हणत केक घेतला आणि दार लावलं.

क्लाइव्ह घरी येऊन भावाला फोनवर सांगू लागला, "अरे, सगळी त्या शिकवणीची कमाल. वाक्यं मीच घोटून घेतली होती. आणि शेजाऱ्याला आत पाठवायची युक्तीही तशी..."

रोझलिंडने हातातली कपबशी खाली ठेवली. नाताळ होऊन बरेच दिवस झाले होते, व्रत केव्हाच सुटलं होतं. पुढे ती जे बोलली, ते ऐकायला सबंध गल्लीने खिडक्या उघडल्या. पलीकडून एंटविसलने टाळ्या वाजवल्या.