प्रजेचा आवाज वाढवा

मयूरध्वज एंटरटेनमेंटच्या अंधेरीतल्या ऑफिसात खर्चकपातीचा पहिला फटका चहातल्या साखरेला बसला. त्याआधी नव्या पिक्चरसाठी गोराईला समुद्राकाठी राजवाडा उभा राहिला होता. मग हैदराबादहून मान हलवणारा यांत्रिक हत्ती आला. तो मान फक्त उजवीकडेच हलवतो म्हणून त्याच्या दिमतीला एक इंजिनिअरही आला. एवढं झाल्यावर मालक हर्षद सरांच्या लक्षात आलं, की पैसा जपून वापरायला हवा. दरबारातल्या प्रजेची कुजबुज भरायला बाहेरचे आवाजवाले बोलवायचे नाहीत, ती ऑफिसच्याच लोकांनी करायची, असा हुकूम सुटला.

साऊंडवाला मुकुल सगळ्यांना स्टुडिओत घेऊन गेला. अकाउंट्सचे देवदत्तकाका, रिसेप्शनची श्रुतिका, चहा करणारा दशरथ आणि आणखी चारपाच जण माइकभोवती लग्नातल्या ग्रुप फोटोसारखे उभे राहिले.

"पण बोलायचं काय?" काकांनी विचारलं.

"काहीही बोला ना, काका. राजाने खजिना उधळलाय, प्रजा वैतागलीय. वर ढोलताशे वाजणारेत. शब्द कोणाला कळत नाहीत, नुसता गलका पाहिजे."

काका पुटपुटले, "आज शुक्रवार, उद्या शनिवार, परवा रविवार..."

"काका, प्रजा वैतागलीय. कॅलेंडर नाही वाचत ती!"

तेवढ्यात दशरथला मालवणीत कंठ फुटला. "साखर बंद केल्यान नि हत्ती हाडल्यान मेल्यान!"

"व्हॅनिटी व्हॅनला नवीन पडदे, आणि आमच्या एसीची वाट लागलीय!" श्रुतिका ओरडली.

काकांनी आजवर हर्षद सरांना तर सोडाच, त्यांच्या वडिलांनाही कधी 'नाही' म्हटलं नव्हतं. पण शब्द कोणाला कळणार नाहीत म्हटल्यावर माणसाला भलताच धीर येतो. "बापाने पोटाला चिमटा काढून उभं केलं, पोरगा उडवतोय!" काका कडाडले. "शहाण्याचं एक ऐकत नाही! आधी याला गादीवरून खाली उतरवा!"

"झकास!" काचेपलीकडून मुकुलने अंगठा दाखवला. त्या दिवशी मुलुंडला घरी गेल्यावर काकांनी दोनदा भात मागून घेतला.

पुढच्या आठवड्यात पिक्चर आतल्या लोकांना दाखवायची ट्रायल होती. पैसे लावणाऱ्या शर्मिष्ठा मॅडम पवईहून आल्या होत्या. त्या उरलेली रक्कम देतात की हात आखडता घेतात, ते आजच ठरणार होतं. कागद लागले तर हाताशी असावेत म्हणून काकांना मागच्या रांगेत बसवलं होतं. अर्ध्या पिक्चरमध्ये मॅडमनी तीनदा मोबाइल बघितला. हर्षद सर घामाघूम झाले.

दरबाराचा सीन आला तसे ते उसळले. "मुकुल, प्रजेचा आवाज कुठेय? वाढव जरा!"

"सर, तेवढाच बरा वाटतो."

"अरे, प्रजा आहे की मांजरं? ढोल बंद कर. आवाज वाढव!"

मुकुलने काकांकडे पाहिलं, डोळे मिटले आणि आवाज वाढवला.

मुकुट घातलेल्या राजासमोर प्रजा स्वच्छ मराठीत कडाडली. हत्ती निघाला, पडदे निघाले, एसी निघाला, आणि शेवटी काकांचा खणखणीत आवाज, "आधी याला गादीवरून खाली उतरवा!" काका खुर्चीत घसरत घसरत पार खाली गेले. छप्पन्नाव्या वर्षी आपल्याला दुसरीकडे कोण नोकरी देणार, आणि लेकीचं, गंधालीचं, कॉलेजचं अजून एक वर्ष आहे, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

"थांबव!" हर्षद सर म्हणाले. दिवे लागले. "हा आवाज आपल्या देवदत्तकाकांचा आहे ना?"

काका उभे राहिले. "सर, ते मी... म्हणजे शब्द कळणार नव्हते..."

हर्षद सर काही बोलणार, तोच शर्मिष्ठा मॅडमनी मोबाइल पर्समध्ये टाकला. "अख्ख्या पिक्चरमध्ये एवढा एकच सीन खरा वाटला," त्या म्हणाल्या. "बाकी सगळे ॲक्टिंग करतायत."

हर्षद सरांचा चेहरा उजळला. "मीच तर म्हटलं होतं, ऑफिसची माणसं घ्या! काय राग आहे, काय तळमळ! राजा असा असला की राज्याचं वाटोळंच व्हायचं. फक्त 'व्हॅनिटी व्हॅन'चा 'रथ' आणि 'एसी'चा 'पंखा' तेवढा करा."

काका मटकन खुर्चीत बसले. नोकरी वाचली होती!

"पण नुसता आवाज ऐकून भागणार नाही, चेहरेही दिसायला हवेत," सर पुढे म्हणाले. "सीन परत शूट करू, प्रजेला पुढे आणू. काका, गोराईचा राजवाडा परत उभा करायला सांगा."

राजवाडा गेल्याच आठवड्यात मोडून भंगारात दिला होता. काका पुन्हा उठले. आता मात्र त्यांच्याच्याने राहवेना. सगळ्यांदेखत, मोठ्या आवाजात, त्यांनी मालकाला प्रथमच 'नाही' म्हटलं.

"नाही, सर! एवढ्या एका सीनसाठी अख्खा राजवाडा? कंपनी बुडेल! तुम्ही कोणाचं ऐकतच नाही!"

हर्षद सरांनी दोन्ही हातांची चौकट करून त्यातून काकांकडे पाहिलं.

"हाच! हाच चेहरा पाहिजे मला!" ते हरखून म्हणाले. "काका, शूटिंगपर्यंत एवढा सांभाळा."

काकांनी मान खाली घातली आणि सुताराला फोन लावला. चेहरा सांभाळायला त्यांना मुळीच कष्ट पडले नाहीत.