दुखलं नाय, म्हंजे लागलं नाय

वैद्यकशास्त्र दोन गोष्टींवर उभं आहे : औषध आणि रोग्याचा विश्वास. पैकी औषधानं अलीकडे डोळे दिपवणारी प्रगती केली आहे. विश्वासाचं काम मात्र अजून जुन्याच सुईवर भागवलं जातं.

मनकर्णाबाईंची बोटं आमवातानं आखडली, लुगड्याच्या निऱ्या धरवेनात, तेव्हा त्यांचा मुलगा धम्मपाल त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. धम्मपाल वाळूजच्या कारखान्यात माल तपासतो. वस्तू चांगली की वाईट हे तो सोबतचा कागद वाचून ठरवतो. डॉक्टरांनी दर आठवड्याला घ्यायचं नवं इंजेक्शन लिहून दिलं. दिसायला पेन. सुई आत लपलेली. मांडीला टेकवायचं, दाबायचं, टक् वाजतं, झालं. रोग्याला कळतसुद्धा नाही, असं कागदावर पाच भाषांत छापलं होतं.

पेन थंड ठेवायचं असतं. त्यासाठी धम्मपालची बायको सुलेखा हिनं फ्रिजमधल्या कोथिंबिरीचं आणि ठेच्याचं स्थलांतर केलं (विस्थापितांना पर्यायी जागा अद्याप मिळालेली नाही). वीज गेली की सगळं घर फ्रिजचं दार न उघडण्याच्या कामाला लागे.

पहिल्या रविवारी टक् वाजलं.

"झालं," धम्मपाल म्हणाला.

"काय झालं?"

"इंजेक्शन."

"कुणाला?"

"तुला, आई!"

मनकर्णाबाईंनी मांडी चाचपली. "दुखलं नाय. दुखलं नाय म्हंजे लागलं नाय. रिकामं देलं बाबा तुला दुकानदारानं."

धम्मपालनं वापरलेलं पेन दाखवलं, कागद वाचून दाखवला. आई गप्प बसली. हा त्यानं विज्ञानाचा विजय मानला.

तीनेक महिन्यांत बोटं सुटली. मनकर्णाबाई पुन्हा भाकरी थापू लागल्या. पहिली भाकरी ताटात पडली तेव्हा धम्मपालनं ती कोरडीच खायला घेतली. तेवढ्यात शेजारीण आली आणि गुण कशानं आला म्हणून विचारू लागली.

"शहागंजातले काकासाहेब डॉक्टर," मनकर्णाबाई म्हणाल्या. "दर सोमवारी जाते. लई जालीम सुई हाय. डोळ्यातून पाणीच येतं बघ."

धम्मपाल हात न धुता उठला.

शहागंजात बाकडं भरलेलं होतं. (आत ओरडण्याचा आवाज आला की बाहेरच्यांचे चेहरे समाधानानं उजळत.) नंबर लागताच तो कडाडला, "तुम्ही माझ्या आईला, मनकर्णाबाईंना फसवता!"

काकासाहेब डॉक्टर शांत होते. "मी कमरेखाली ताकदीचं लाल इंजेक्शन देतो. झोंबतं, बाकी काही नाही. गुण तुमच्या पेनाचा आहे."

"मग सांगा की तिला तसं!"

"दुसऱ्याच आठवड्यात तुमची आई पेन बंद करायला निघाली होती. मी म्हणालो, मनकर्णाबाई, आदल्या दिवशी पेन घेतलं नाही, तर माझी सुई लागू पडत नाही. त्यानंतर एक तरी रविवार चुकला का?"

चुकला नव्हता. उलट रविवारी सकाळपासून तीच आठवण करून द्यायची.

"आता सांगा, बंद करू?"

धम्मपालनं दार लोटून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "येत्या सोमवारी ती लग्नाला गंगापूरला जायचं म्हणते. तिला जरा रागवा. चुकवू नको म्हणावं."

पुढं पेनाच्या कंपनीतून अभिप्रायासाठी फोन आला. वेदना किती?

"अजिबात नाही. थोडी वाढवता येईल का?"

"सर," पलीकडची मुलगी अभिमानानं म्हणाली, "पुढच्या पेनात टक् आवाजही येणार नाही."

यंदा थंडीत धम्मपालची स्वतःचीच कंबर धरली. मोठ्या दवाखान्यातल्या तज्ज्ञांनी नीट तपासलं आणि सांगितलं, "काही झालेलं नाही. रोज चाला. औषधाची गरज नाही." धम्मपालनं आभार मानले. फाटकापर्यंत येऊन सुलेखाला म्हणाला, "धड बघितलंच नाही यांनी. तू हो पुढं, मी येतो."

शहागंजात जागा नव्हती. सुशिक्षित माणसांनी सरकून त्याला बसायला दिलं. त्याच्या शेजारी जे बसले होते, त्यांचं नाव आम्ही घेणार नाही. फक्त एवढंच विचारतो, हे वाचताना तुम्ही एकाच अंगावर का बसला आहात?