घड्याळजीच्या दुकानातले चंद्र

शाळेच्या फाटकाला फुटबॉल टांगला, तो सूर्य. तिथून साडेतेवीस मीटरवर शिपायाच्या खिडकीत मोहरीचा दाणा चिकटवला, ती पृथ्वी. भूगोलाचे निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको सकाळपासून टेप धरून रस्त्याने सरकत होते. उद्या शाळेतली मुलं या वाटेनं चालत जाऊन सूर्यमाला बघणार होती. नेपच्यून औषधांच्या दुकानात बसवून झाला होता. राहिला होता फक्त प्लूटो, म्हणजे रव्याचा एक कण. शिवाय त्याचे पाच चंद्र. त्यातला मोठा अर्ध्या कणाएवढा, आणि बाकीचे चार इतके बारके, की मास्तरांनी त्यांच्यासाठी धुळीचे चार कण निवडून कागदाच्या पुडीत घेतले होते. आता धुळीत निवडण्यासारखं काय असतं ते त्यांनाच ठाऊक.

"नऊशे बत्तीस मीटर," असं म्हणून बायको थांबली. टेपचं टोक घड्याळजीच्या दुकानात, अगदी कामाच्या टेबलापाशी पोचलं होतं.

घड्याळजी म्हणजे मास्तरांचा सख्खा धाकटा भाऊ. मास्तरांच्या निरोप समारंभात त्यानं भाषण केलं होतं. दादांनी आयुष्यभर नऊ ग्रह शिकवले, आता त्यातला एक कमी झालाय, बाकी सगळं बरोबर होतं, असं तो म्हणाला आणि सभागृह खो खो हसलं. त्या दिवसापासून मास्तरांनी भावाशी बोलणं टाकलं. माणसं जमिनीवरून भांडतात, यांचं आभाळावरून बिनसलं.

मास्तर म्हणाले, मोजण्यात चूक झाली असेल. सूर्यापासून मोजू की पृथ्वीपासून, असं बायकोनं इतक्या थंडपणे विचारलं, की त्यांनी टेप गुंडाळायला घेतला. फुटपाथवर ठेवावा, तर झाडूवाला सकाळी सातलाच प्लूटो कचऱ्यात घालणार. शेवटी ते बायकोच्या मागून आत शिरले आणि भिंतीवरच्या घड्याळांकडे बघत उभे राहिले.

मग बोलणी सुरू झाली, ती बायकोमार्फत. तिला सांगून मास्तरांनी जागा मागितली. घड्याळजीनंही वहिनींना सांगून होकार कळवला. पण एक प्रश्न त्यानं विचारलाच.

"वहिनी, पाटी काय लावणार म्हणे? ग्रह?"

मास्तरांनी खिशातून पाटी काढून टेबलावर ठेवली. त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'प्लूटो : बटुग्रह'. घड्याळजीनं ती वाचली, डोळ्याचं भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. बिचाऱ्याला समारंभातल्या त्या वाक्याचा किती पश्चात्ताप झाला होता ते त्याचं त्यालाच माहीत.

मास्तरांनी पांढऱ्या कागदावर रव्याचा कण ठेवला, शेजारी अर्धा कण, आणि पुडी उलगडून टाचणीच्या टोकानं चार बारके चंद्र मांडले. मान दुखेपर्यंत खपले. मांडून झालं तसे ते मागे सरले आणि घड्याळजी बघायला वाकला.

आता ज्या माणसानं चाळीस वर्षं टेबलावरच्या धुळीशी वैर धरलंय, त्याच्या हाताला काय सांगणार? धूळ दिसली, हातानं हवा मारायचा रबरी फुगा उचलला आणि फुस्स. बटुग्रह चंद्रांसकट नाहीसा झाला.

दुकानात नुसती टिकटिक.

"दादा," घड्याळजी म्हणाला, "मुद्दाम नाही रे केलं."

"आणि त्या वेळी?"

"तेव्हाही नाही. वाटलं, लोक जरा हसतील."

"हसले की," मास्तर म्हणाले. मग धोतर सावरावं तसा पँटचा गुडघा वर ओढून ते जमिनीवर बसले. "हलू नकोस. पायाखाली येईल."

तिघंही रांगायला लागले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक दारात आलं आणि काय हरवलंय म्हणून विचारू लागलं.

"ग्रह," घड्याळजी टेबलाखालून म्हणाला.

"बटुग्रह," मास्तरांनी दुरुस्ती केली.

गिऱ्हाईक आपलं घड्याळ घट्ट धरून आल्या पावली परत गेलं, आणि दोघं भाऊ जमिनीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

रवा काय, घड्याळजीच्या घरून आला. पंचाईत चंद्रांची झाली. साऱ्या दुकानात धुळीचा कण सापडेना, आणि घड्याळजीची त्याबद्दलची ऐट काही लपेना. शेवटी मास्तरांच्या चष्म्याच्या घरातून चार चंद्र निघाले. घड्याळजीनं चिमट्यानं ते जागच्या जागी बसवले आणि वर काचेचं झाकण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मुलांनी भिंगातून एकेक करून प्लूटो पाहिला. एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, की ग्रह काही एका रेषेत नसतात, अंतर बरोबर असलं की झालं. मग हा शाळेच्या मागे मैदानाच्या दिशेनं मोजून का नाही ठेवला? तिकडे तर मोकळी जागा होती.

मास्तरांना एकाएकी खोकला आला. बायकोनं मुकाट्यानं पाण्याची बाटली पुढे केली. घड्याळजीनं मात्र दादाकडे बराच वेळ पाहिलं.

पुढच्या रविवारी सकाळी त्याचा फोन आला. "दादा, तुझे चंद्र पुसले गेले बघ सफाईत. येतोस का बसवायला? जेवायलाच या दोघं."

"काचेच्या झाकणाखालचे पुसले गेले?" बायकोनं विचारलं.

मास्तर तोवर कपाटावरची धूळ पुडीत भरायला लागले होते. "जास्तच घेतो," ते म्हणाले. "त्याच्याकडे सफाई फार."