ध्वनिसुधारणा चालू आहे, कृपया थांबा

फोन कंपनीच्या ध्वनिसुधार विभागाच्या प्रमुखसाहेबांना ऐन मीटिंगमध्ये घरून सासूबाईंचा इंटरनेट कॉल आला. बाथरूमचा नळ तुटला होता, पाणी हॉलकडे निघालं होतं. मुख्य कॉक कुठे आहे, एवढंच त्यांना हवं होतं.

“घाबरू नका आई. कॉक आहे तो—”

“आपला आवाज अधिक चांगला होऊ शकतो,” फोन गोड गळ्यानं म्हणाला. “कृपया थांबा.”

नियम खुद्द साहेबांचाच, सध्या मोजक्या फोनवर चाचणीला लावलेला. आवाज पाठवायचा तर त्याची घडी घालावी लागते. घडी घालायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. दोन्ही फोनना एकच घडी यायला हवी, नाहीतर पलीकडे नुसती खरखर. सरस घडी सापडली रे सापडली, की चालू बोलणं थांबवून फोननी नव्यानं वाटाघाटी कराव्यात, हे कलम साहेबांनी हौसेनं घातलं होतं.

घडी बदलली. “जावईबापू, घोट्यापर्यंत आलं हो पाणी!”

“वा! किती स्वच्छ ऐकू येतंय!” साहेबांच्या तोंडून निघून गेलं. “हं, तर कॉक—”

तेवढ्यात फोनच्या कानी पाण्याचा खळखळाट पडला. अरे, हे तर संगीत! संगीताला घडी वेगळी. दोन्ही फोननी एकदमच प्रस्ताव मांडले, एकदमच मागे घेतले आणि ‘आधी आपण, आधी आपण’ करत बसले. साहेबांनी ‘नको’ दाबलं. पण नकार हाही प्रस्तावच; त्याला पलीकडची संमती हवी.

“आई, ‘मान्य’ दाबा!” साहेब ओरडले. ऐकणार कोण? आवाज वाटाघाटींत अडकला होता.

“साहेब, कॉल कापा अन् साधा फोन लावा,” मदतनीस बाई म्हणाल्या.

“शुद्धीवर आहात का? वाटाघाटींत कॉल तुटला, तर आपल्याच विभागाच्या नावावर अपयश लागतं!”

अखेर एकमत झालं. डाव्या कानात सासूबाई, उजव्या कानात धबधबा. अहाहा!

“आई, कॉक वॉशिंग मशीनच्या मागे!”

“मशीन? ते मघाशीच जिना उतरून गेलं. मीही निघालेय, टेबलावर बसून.”

आणि कॉल तुटला. एकमतानंतर तुटल्यामुळे तो यशस्वी ठरला.

टेबलावर तरंगत सासूबाई शेजाऱ्यांना फोन लावू लागल्या. पडद्यावर आलं, ‘आवाज कसा वाटला?’ तारे दिल्याशिवाय पुढचा फोन लागेना. त्यांनी ओल्या अंगठ्यानं, न वाचताच, पाचही दाबले.

त्या पाच ताऱ्यांवर साहेबांना बढती मिळाली आणि नियम सगळ्या फोनना लागू झाला. सासूबाईंना उगाच नावं ठेवू नका. काल फोन ठेवल्यावर तुम्हीसुद्धा पाच दाबूनच मोकळे झालात ना?